मिळेल ते सरपण

दवाखान्यातून मिळालेला कागद मावशीने तीनदा वाचला. उद्या सकाळपासून भात नाही, पोळी-भाकरी नाही, डाळ-उसळ नाही, फळं नाहीत. चहात साखर नको आणि दूधही नको, कारण दुधातसुद्धा दुधाची साखर असते. खायचं ते पनीर, लोणी, तूप, अंडी, आणि तेही दोन्ही वेळा पोटभर. मग रात्रभर कडकडीत उपास, फक्त पाणी. तपासणी होईपर्यंत जिने चढायचे नाहीत, धावपळ करायची नाही.

"अगं, डॉक्टर लोक जन्मभर तूप कमी करा म्हणून मागे लागतात," ती मला म्हणाली, "आणि आता हृदयाची तपासणी करायची तर तुपात परतलेलं पनीर खा म्हणतात. छापण्यात काही चुकलंय का बघ."

छापण्यात चूक नव्हती. गेले काही महिने मावशीला जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती, नाडी मंद झाली होती, आणि हृदयात विजेचा संदेश जातो त्या वाटेवर कुठेतरी अडथळा असल्याचं ईसीजी सांगत होता. डॉक्टरांना सार्कॉइडोसिसची शंका होती. या आजारात दाह करणाऱ्या पेशींच्या बारीक गाठी अवयवांत जमतात, कधी कधी हृदयाच्या भिंतीतही. त्या शोधायच्या तर पेट स्कॅन करायचा. त्यासाठी शिरेतून ग्लुकोजचा एक बदललेला प्रकार देतात. त्याला फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो आणि दर 110 मिनिटांनी तो निम्मा होत जातो. हे औषध सायक्लोट्रॉनमध्ये तयार करून लगेच वापरावं लागतं. भारतात ही सोय पहिल्यांदा झाली ती 2002 साली, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. पेशी या औषधाला साखर समजून आत घेते, साखरेवरची पहिली प्रक्रियाही करते, पण पुढची पायरी जमत नाही. मग ते तिथेच अडकून राहतं आणि चित्रात उजळून दिसतं. दाहाच्या पेशी साखरेला हावरट असतात, त्यामुळे त्या लगेच सापडतात.

अडचण एकच. निरोगी हृदयही साखर घेतं. त्याने ती घेतली तर सगळं हृदयच पेटल्यासारखं दिसेल आणि गाठींचे ठिपके त्या उजेडात बुडून जातील. म्हणून आदल्या दिवशी हृदयाला साखरेपासून वळवून चरबीवर आणायचं. ते ऐकतं, आणि काही तासांत ऐकतं. मला या साऱ्या प्रकारात सगळ्यात नवल वाटलं ते याचंच. साठ-पासष्ट वर्षं एक ठोका न चुकवता चालणारा स्नायू, आणि दोन जेवणांवरून तो आपलं इंधन बदलतो, तेही काम न थांबवता.

हृदयाचा रोजचा खर्च केवढा ते आधी पाहू. मोठ्या माणसाचं हृदय तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. दिवसाला ते सुमारे 1 लाख वेळा आकुंचन पावतं आणि 7 हजार लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलतं. या कामाचं चलन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. पेशीत कुठलंही काम व्हायचं तर हा रेणू मोडावा लागतो आणि मोडला की पुन्हा घडवावा लागतो. हृदय दिवसभरात असं सुमारे 6 किलो एटीपी घडवतं आणि मोडतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपट. पण कुठल्याही एका क्षणी त्याच्याजवळ शिल्लक असते ती जेमतेम दहा सेकंद पुरेल एवढीच. हातावर पोट असणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

हा खर्च फक्त पिळण्यावर होत नाही. साधारण दोन-तृतीयांश एटीपी आकुंचनात जातो आणि उरलेला मुख्यतः पेशीतले क्षार जागच्या जागी नेण्यात. प्रत्येक ठोक्याला स्नायूपेशीत कॅल्शियम सुटतं, त्यामुळे तंतू आवळतात. मग तेच कॅल्शियम पंपांनी उपसून परत कोठीत भरावं लागतं, तेव्हा कुठे तंतू सैल पडतात. म्हणजे ढिलं पडायलाही हृदयाला पैसे मोजावे लागतात. एटीपी कमी पडू लागला की पुष्कळदा आधी बिघडतं ते हे ढिलं पडणंच. हृदय पिळतं नीट, पण भरत नाही.

एवढा एटीपी घडवायचा तर भट्ट्याही तेवढ्याच हव्यात. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनी व्यापलेला असतो. इंधन आणि ऑक्सिजन एकत्र येतात ते इथे. ऑक्सिजनच्या बाबतीतही हृदयाची कथा इतर अवयवांपेक्षा निराळी आहे. बाकीचे अवयव विश्रांतीत असताना रक्तातला थोडाच ऑक्सिजन काढून घेतात, अडीअडचणीला जास्त घेता येईल एवढा मागे ठेवतात. हृदय मात्र विश्रांतीतही आपल्या वाट्याच्या रक्तातला 70 ते 75 टक्के ऑक्सिजन काढून घेतं. जास्त हवा असेल तर जास्त रक्त मागवण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी अरुंद झाली की चढावर छाती का भरून येते, याचं उत्तर याच हिशोबात आहे.

हृदय काय खातं हे कळायला मात्र बराच काळ लागला. 1895 साली ऑस्कर लांगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्याचं हृदय शरीराबाहेर काढून, महाधमनीतून त्याच्या कोरोनरी वाहिन्यांत द्रव सोडून ते धडधडतं ठेवण्याची रीत बसवली. 1907 साली लॉक आणि रोझेनहाइम यांनी अशाच सशाच्या हृदयातून ग्लुकोज घातलेला द्रव फिरवला. काही तासांनी पाहिलं तर ग्लुकोज कमी झालेलं होतं. त्यांनी दाखवलं ते खरंच होतं. पण त्या द्रवात दुसरं काही खाण्याजोगं नव्हतंच. पानात एकच पदार्थ वाढला तर जेवणाऱ्याची आवड कशी कळणार?

जिवंत माणसाच्या हृदयाची आवड कळायची तर हृदयात जाणारं आणि हृदयातून बाहेर पडणारं, दोन्ही रक्त हाती लागायला हवं. जाणारं कुठल्याही धमनीतून मिळतं. बाहेर पडणारं मात्र हृदयाच्या मागच्या बाजूला दडलेल्या कोरोनरी सायनस या नीलेत जमतं आणि तिथून थेट उजव्या कप्प्यात रिकामं होतं. तिथवर जायचं कसं? 1929 मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी घालून ती हृदयापर्यंत नेली होती, त्यामुळे वाट माहीत झाली होती. पुढे 1940च्या दशकात अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये रिचर्ड बिंग जन्मजात हृदयदोष असलेल्या रोग्यांच्या तपासण्या अशाच नळीने करत होते. एकदा नळी ठरल्या जागेऐवजी भलतीकडे शिरली आणि तिच्यातून अतिशय काळपट रक्त आलं, इतर कुठल्याही नीलेतल्यापेक्षा काळं. ती कोरोनरी सायनस होती. रक्त काळं होतं कारण हृदयाने त्यातला ऑक्सिजन जवळजवळ पिळून घेतला होता.

दुसरा कुणी असता तर नळी मागे घेऊन पुन्हा नीट बसवली असती. बिंगनी तीच वाट धरली. 1947 साली त्यांनी माणसाच्या कोरोनरी सायनसमध्ये नळी घालण्याची रीत प्रसिद्ध केली आणि मग वर्षानुवर्षं जमाखर्च मांडला. धमनीत एखादा पदार्थ किती, सायनसमध्ये किती उरला, आणि मधला फरक हृदयाने खाल्ला. आधी पिष्टमय पदार्थांचा हिशोब झाला. मग 1954 साली चरबी, केटोन आणि अमिनो आम्लांचा. त्यातून दिसलं की माणसाच्या हृदयाचं मुख्य अन्न साखर नाही. रिकाम्या पोटी ते बहुतांशी मेदाम्लांवर चालतं. बिंग मूळचे न्युरेंबर्गचे, नाझी काळात जर्मनी सोडून आलेले, आणि जन्मभर संगीतरचना करत राहिलेले. 2010 साली वयाच्या 101व्या वर्षी ते वारले. हृदयाबद्दल आज आपण जे सहज बोलतो त्यातलं कितीतरी त्या वाट चुकलेल्या नळीतून आलेलं आहे.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते. तूप हृदयाला वाईट की हृदय तुपावरच चालतं? दोन्ही गोष्टींना 'चरबी' म्हणतात म्हणून घोटाळा होतो. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं कोलेस्टेरॉल साचतं आणि वाट अरुंद होते, तो नळाचा प्रश्न आहे. स्नायूपेशीत मेदाम्लं जळतात, तो चुलीचा. तूप आयुष्यभर जास्त खाल्लं तर नळावर परिणाम होतो. दोन जेवणं तुपाची घेतली तर चुलीत काय जळतंय तेवढं बदलतं. आणि मेदाम्लांसाठी तूप खायलाच पाहिजे असंही नाही. आपल्या अंगावरची चरबी रात्री, दोन जेवणांच्या मध्ये, उपासाला विरघळून रक्तात उतरत असते आणि हृदय त्यातून आपला वाटा उचलतं.

चरबीच का? सरपण म्हणून ती घट्ट आहे. पाल्मिटिक आम्ल हे एक सर्वसाधारण मेदाम्ल. त्याच्या एका रेणूपासून सुमारे 106 एटीपी मिळतात, ग्लुकोजच्या एका रेणूपासून 30 ते 32. मेदाम्लाची साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी तुटत जाते हे फ्रांझ क्नूप यांनी 1904 मध्ये दाखवलं. सोळा कार्बनचं पाल्मिटिक आम्ल म्हणजे आठ तुकडे, आणि प्रत्येक तुकडा भट्टीत जातो. पण या सरपणाला हवा जास्त लागते. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे ग्लुकोज पाचाहून थोडे जास्त एटीपी देतं, पाल्मिटिक आम्ल साडेचारच्या आसपास. ऑक्सिजन मुबलक असेल तोवर या फरकाचं काही वाटत नाही. तो कमी पडू लागला की मात्र हाच फरक जड होतो.

दोन इंधनं एकाच भट्टीसाठी हजर असली की कुठलं आधी? 1963 मध्ये केंब्रिजच्या फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयावर आणि श्वासपटलावर प्रयोग करून याचं उत्तर मांडलं. मेदाम्लं भरपूर जळू लागली की त्यांच्यापासून तयार होणारे पदार्थच साखरेची वाट अडवतात. उलट जेवणानंतर इन्सुलिन चढलं की पेशीच्या पृष्ठभागावर साखर आत घेणाऱ्या वाहकांची संख्या वाढते, चरबीतून मेदाम्लं सुटणं मंदावतं, आणि साखरेच्या वाटेवर तयार होणारं मॅलोनिल-कोए नावाचं द्रव्य मायटोकॉन्ड्रियाच्या दारातच मेदाम्लांना थोपवतं. कुणी वरून हुकूम देत नाही. एक सरपण पेटलं की ते दुसऱ्याला मागे सारतं. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीखाली जाळ घालणारा माणूस वाळलेली चिपाडं सारतो, ओली बाजूला ठेवतो, आणि काहिलीतला रस एकसारखा उकळत राहतो. हृदयात तो माणूसही नसतो. सरपणच आपापसात ठरवतं.

सकाळी उठल्यावर, रात्रभराच्या उपाशी पोटी, हृदयाच्या ऊर्जेतला 60 ते 70 टक्के वाटा मेदाम्लांचा असतो. पोहे खाल्ले, इन्सुलिन चढलं, की साखरेचा वाटा वाढतो. उपासाचंही तसंच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस खाणाऱ्याचं हृदय उपाशी नसतंच, त्याला पिष्ट भरपूर मिळालेलं असतं. निर्जळी करणाऱ्याचं हृदय मात्र मेदाम्लांकडे आणि उपास लांबला तर केटोनकडे वळतं. यकृत चरबीपासून केटोन बनवतं, स्वतः ते जाळू शकत नाही, इतरांसाठी रक्तात सोडतं. हृदय ते आनंदाने घेतं. आणखी एक चमत्कारिक गोष्ट: उपासात यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत जातो, हृदयातला मात्र वाढतो. सगळं घर काटकसर करत असताना हृदय आपल्या डब्यात मूठभर बाजूला काढून ठेवतं.

आणि गड चढताना? पायांचे स्नायू जोरात काम करू लागले की त्यांच्यातून लॅक्टेट बाहेर पडतं. हे थकव्याचं आम्ल, निव्वळ कचरा, असं कित्येक वर्षं शिकवलं गेलं. हृदयाला ते तसं वाटत नाही. चढणीवर रक्तातलं लॅक्टेट वाढत जातं तसतसं हृदय ते जास्त उचलतं आणि आपल्या भट्टीत पूर्ण जाळतं. पायांनी अर्धवट जाळून टाकलेलं सरपण, आणि त्यावरच हृदय पायांना रक्त पुरवतं.

जन्माआधी हे चित्र वेगळं असतं. गर्भाच्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो आणि मेदाम्लंही थोडी, त्यामुळे गर्भाचं हृदय ग्लुकोज आणि लॅक्टेटवर चालतं. जन्मल्यावर श्वास सुरू होतो, चरबीने भरलेलं आईचं दूध पोटात जाऊ लागतं, आणि हृदयाच्या पेशी मेदाम्लं जाळण्याची यंत्रणा उभी करतात.

कोरोनरी धमनी अचानक बंद पडली तर काय होतं? ऑक्सिजन संपला की मेदाम्लं निरुपयोगी होतात, कारण त्यांना ऑक्सिजनवाचून जळताच येत नाही. उरतं ग्लुकोज, आणि तेही अर्धवट जाळून रेणूमागे फक्त 2 एटीपी देणारं. काही सेकंदांतच त्या भागाचं आकुंचन मंदावतं. एरवी लॅक्टेट खाणारा स्नायू आता लॅक्टेट बाहेर टाकू लागतो. वीसेक मिनिटं उलटली की पेशी मरायला सुरुवात होते. म्हणूनच छातीत दुखू लागल्यावर "थोडा वेळ बघू" म्हणणाऱ्या माणसाला हाताला धरून दवाखान्यात न्यायला हवं.

धमनी पूर्ण बंद न होता अरुंद राहिली तर काही पेशी मरतही नाहीत आणि कामही करत नाहीत. खर्च कमी करून, साखरेवर जगत, पडून राहतात. अशा रोग्याला त्याच पेट स्कॅनसाठी उलट पथ्य देतात. इथे मुद्दाम साखर पाजायची. जो भाग हलत नाही पण साखर घेतो, तो जिवंत आहे, आणि रक्तपुरवठा परत मिळाला तर तो पुन्हा कामाला लागू शकतो.

यावरून एक सरळ वाटणारी कल्पना निघाली. झटका आला की रोग्याला ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम द्यावं, म्हणजे हृदय कमी ऑक्सिजन लागणाऱ्या इंधनावर तग धरेल. मेक्सिकोतले देमेत्रिओ सोदी-पायारेस यांनी 1962 साली हा उपाय मांडला. औषध स्वस्त, कुठेही मिळणारं. चाळीसेक वर्षं डॉक्टरांनी त्यावर आशा ठेवली. शेवटी भारतासह अनेक देशांतल्या 20,201 रोग्यांवर मोठी चाचणी झाली आणि 2005 मध्ये निकाल आला. तीस दिवसांत हे मिश्रण मिळालेल्यांपैकी 10 टक्के रोगी दगावले, न मिळालेल्यांपैकी 9.7 टक्के. काही फरक नाही. हा निकाल मला नेहमी आठवतो, कारण प्रयोगशाळेत गळी उतरणारी गोष्ट खाटेवरच्या माणसाला वाचवेलच असं नाही, हे तो फार स्वच्छ सांगतो.

दमलेल्या हृदयाकडे मी याच सावधपणाने पाहते. निकामी होत चाललेल्या हृदयात एटीपीची गंगाजळी घटते, मेदाम्लं जाळण्याची क्षमता उतरते, आणि पेशी पुन्हा गर्भातल्या सवयींकडे झुकतात. 2020 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चमूने 110 रोग्यांच्या धमनीतलं आणि कोरोनरी सायनसमधलं रक्त घेऊन 277 पदार्थांचा जमाखर्च मांडला. रीत बिंगचीच, पण नजर कितीतरी तीक्ष्ण. उपाशीपोटी मेदाम्लांचा वाटा अपेक्षेहूनही मोठा निघाला आणि ग्लुकोजचा अगदी थोडा. दमलेली हृदयं केटोन निरोगी हृदयांच्या दुपटीहून जास्त खात होती. त्याचबरोबर ती अमिनो आम्लं बाहेर टाकत होती, म्हणजे स्वतःचीच प्रथिनं मोडत होती. घरातलं फर्निचर तोडून चूल पेटती ठेवावी तसं.

त्याआधी 2015 मध्ये मधुमेहाच्या एका औषधाने सगळ्यांना चकित केलं होतं. एम्पाग्लिफ्लोझिन रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर घालवतं. 7,020 रोग्यांच्या चाचणीत त्यामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी घटले. साखर एवढीशी उतरून एवढा फायदा कसा? एक उत्तर असं आलं की या औषधाने रक्तातले केटोन थोडे वाढतात आणि दमलेल्या हृदयाला सोयीचं सरपण मिळतं. पुढे मधुमेह नसलेल्या हृदयरोग्यांनाही याच जातीच्या औषधांचा उपयोग झाला. केटोनची ही गोष्ट ऐकायला फार छान आहे, म्हणूनच मी ती अजून पूर्ण मानत नाही. मूत्रपिंड, सोडियम, अंगातलं पाणी, सगळंच या औषधाने बदलतं, आणि त्यातलं श्रेय कुणाला किती द्यायचं यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे.

मावशीने पथ्य काटेकोर पाळलं. अंडी ती खात नाही, तेव्हा दोन्ही वेळा मिठाचं बोट लावून तुपात परतलेलं पनीर, आणि रात्री खोबऱ्याचा तुकडा मागितला तेव्हा मी कागद बघून नको म्हणाले. सकाळी शिरेत औषध दिल्यावर तासभर शांत खुर्चीत बसायला सांगितलं. ती डोळे मिटून बसून होती, आणि तिचं हृदय तेव्हा बहुधा तिच्याच चरबीवर चाललं होतं.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर चित्र दाखवलं. मेंदू उजळलेला, कारण तो साखर सोडत नाही. हृदयाच्या जागी मात्र सगळीकडे अंधार होता, आणि त्या अंधारात दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या वरच्या टोकाला एकच ठिपका, हरभऱ्याएवढा, लख्ख पेटलेला. अडथळा होता तो बरोबर तिथेच. औषध त्याच दिवशी ठरलं.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा वरण-भात मागितला. वर साखर घातलेला चहा. दोन घास खाल्ल्यावर म्हणाली, "आता माझ्या हृदयाला हे पोचायला किती वेळ लागेल गं?" मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, तू ताट संपवेपर्यंत सुरुवात झालेली असेल.